दात मोजून घ्यायची गाडी

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि तिच्याबरोबर बैलांचा बाजार. तिथे बैल घेणारा आधी जनावराच्या तोंडात हात घालतो, खालचा ओठ मागे ओढतो आणि दात मोजतो. दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, यावरून वय कळते. मग तो खूर बघतो, खांद्यावर जुवाचा घट्टा कसा पडलाय ते चाचपतो आणि जमलेच तर बैल गाडीला जुंपून चढावर ओढायला लावतो. बैल पळतो किती हे शर्यतीच्या शौकिनाने विचारावे. नांगराला आणि गाडीला बैल घेणारा विचारतो, की भरल्या गाडीनिशी चढावर तो थांबेल का, आणि अजून किती वर्षे ओढेल. आता शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर विजेच्या स्कूटर आणि मोटारसायकली दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्याबद्दलही लोकांचे प्रश्न नेमके हेच आहेत. घाट चढेल का? तापेल का? बॅटरी किती वर्षे जाईल? गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जगातल्या शर्यतींच्या मैदानांवर विजेच्या मोटारसायकलींनी जे केले, त्यात या तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे सापडतात. अडचण एवढीच, की शर्यतीच्या बातम्या कमाल वेगाचा आकडा सांगून थांबतात आणि आपल्या कामाचा भाग तिथेच राहून जातो.

हे दोन तालुके घाटांच्या पायथ्याचे. शहापूरच्या टोकाला कसारा घाट, मुरबाडच्या टोकाला माळशेज. मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे या पट्ट्यातल्या माणसाला एसटी, जीप नाहीतर स्वतःची दुचाकी एवढाच आधार. शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला आणि मोटारी आता इगतपुरीजवळच्या बोगद्यातून घाट टाळून जातात. पण त्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव आहे, म्हणजे दुचाकीवाल्याच्या वाट्याला जुना घाटच. याच घाटाशेजारी विजेच्या मोटारीने आपली एक मोठी परीक्षा कधीच देऊन ठेवली आहे. कसारा ते इगतपुरी या रेल्वेच्या चढणीला सदतीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर, असा उभार आहे. १९३० च्या सुमारास मध्य रेल्वेच्या पूर्वसुरींनी, म्हणजे जीआयपी रेल्वेने, कल्याणहून इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा नेल्या, कारण वाफेच्या इंजिनाचा सर्वांत जास्त दम घाटातच निघत असे. कसाऱ्याला गाड्यांना मागून रेटा देणारी बँकर इंजिने लागतात हे लोकलने जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. आजची नवी विद्युत इंजिने तर घाट उतरताना वीज तयार करून ती परत तारेत सोडतात. चढावर जोर आणि उतारावर परतावा हा विजेच्या मोटारीचा मूळ गुण या मातीला नवा नाही. नवी आहे ती दुचाकीच्या टाकीखाली मावणारी बॅटरी, आणि सगळी झुंज तिच्याशीच आहे.

ती झुंज कशी चालली याचा सर्वांत स्वच्छ हिशेब आयल ऑफ मॅन बेटावर मिळतो. तिथला डोंगरी रस्ता साठ किलोमीटर सातशे मीटरचा. गावांतून जाणारा, वळणांचा, चढ-उताराचा. पेट्रोलच्या मोटारसायकली तिथे शंभराहून अधिक वर्षे धावत आल्या आहेत. जून २००९ मध्ये त्याच रस्त्यावर धूर न सोडणाऱ्या गाड्यांची पहिली शर्यत झाली, आणि ती जिंकली रॉब बार्बर या स्वाराने, ज्याच्या गाडीतल्या मोटारी अग्नी या कंपनीच्या होत्या, गुजरातेत बनलेल्या. ताशी सरासरी वेग १४० किलोमीटर. त्याच शर्यतीत पुण्याची एक गाडीही होती. कपिल शेळके या तरुण अभियंत्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बांधलेली ती गाडी आपल्या गटात पहिल्या तिघांत आली. त्यातूनच पुढे टॉर्क मोटर्स उभी राहिली आणि तिची क्रॅटोस ही मोटारसायकल २०२२ च्या जानेवारीत बाजारात आली. पहिल्या विद्युत शर्यतीच्या निकालपत्रात एक मोटार गुजरातची आणि एक गाडी पुण्याची असावी, ही गोष्ट मराठी शाळांच्या विज्ञानाच्या तासाला सांगायला हवी होती. सांगितली गेली नाही याची खंत वाटते.

त्यानंतरची दहा वर्षे आकड्यांतच बघावीत. २०१२ मध्ये मायकेल रटरने मोटोसिझ या अमेरिकी गाडीवर ताशी शंभर मैलांची सरासरी ओलांडली. २०१९ मध्ये त्याच रटरने जपानच्या मुगेन गाडीवर ताशी १९६ किलोमीटरची सरासरी गाठली. पहिल्या वर्षी जी फेरी जवळजवळ सव्वीस मिनिटांत झाली होती, ती दहा वर्षांत साडेअठरा मिनिटांवर आली. पेट्रोलच्या गाडीला ताशी शंभर मैलांची फेरी पहिल्यांदा जमली ती १९५७ मध्ये, तिथल्या शर्यती सुरू झाल्यानंतर पन्नास वर्षांनी. विजेच्या गाडीला तीन वर्षे पुरली. ही तुलना ऐकून हुरळून जाणारे पुष्कळ भेटतात, पण ती अर्धीच खरी आहे. विजेच्या गाडीला सांगाडा, टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि तो रस्ता पाठ असलेले स्वार हे सगळे पेट्रोलच्या गाडीने शतकभर कमावलेले आयते मिळाले. शिवाय पेट्रोलच्या मोठ्या शर्यतीत सहा फेऱ्या असतात आणि विजेच्या गाडीला एकच फेरी मारायची होती. त्या एका फेरीसाठीही बॅटरी जपून वापरावी लागे. याच काळात पेट्रोलच्या गाडीची सर्वोत्तम फेरी ताशी २१८ किलोमीटरला गेली होती. म्हणजे वेगातले अंतर झपाट्याने कमी झाले, पण पल्ल्यातले अंतर तसेच राहिले. हा फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण मुरबाडच्या माणसाचा सगळा हिशेब याच फरकावर उभा आहे.

हे अंतर मिटत का नाही, त्याचे कारण वजनात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. मोटो-ई या जागतिक स्पर्धेसाठी डुकाटीने बनवलेल्या मोटारसायकलीची बॅटरी ११० किलोची, आणि तिच्यात १८ युनिट वीज मावते. म्हणजे ११० किलोंचे ओझे वाहून मिळते ते दोन लिटर पेट्रोलाइतके. पेट्रोलचे इंजिन त्या ऊर्जेतला तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत घालवते आणि विजेची मोटार जेमतेम दहावा भाग गमावते, म्हणून हा सौदा अगदीच आतबट्ट्याचा होत नाही. तरीसुद्धा २२५ किलोच्या गाडीत निम्मे वजन नुसत्या बॅटरीचे. म्हणूनच मोटो-ईच्या शर्यती सहा-आठ फेऱ्यांत संपत आणि पेट्रोलच्या मोटोजीपीच्या वीस-पंचवीस फेऱ्या चालत. मुगेल्लोच्या मैदानावर हीच डुकाटी ताशी २७५ किलोमीटरला गेली. धावण्यात ती कमी नव्हती, तिची शिदोरी लहान होती.

आता चढाकडे येऊ. अमेरिकेतल्या पाईक्स पीक या डोंगरावर दरवर्षी घड्याळाविरुद्ध चढाईची शर्यत होते. वीस किलोमीटरचा रस्ता, १५६ वळणे, चौदाशे मीटरहून अधिक उभा चढ आणि शेवट ४,३०० मीटर उंचीवर. २०१३ मध्ये कार्लिन डन हा स्वार लाइटनिंग या विजेच्या मोटारसायकलीवर हा डोंगर दहा मिनिटे एका सेकंदाच्या आत चढला, आणि त्या वर्षी आलेल्या सगळ्या पेट्रोलच्या मोटारसायकली त्याच्या मागे राहिल्या. दुसरा आलेला स्वार वीस सेकंदांनी मागे होता. इतक्या उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोलच्या इंजिनाला प्राणवायू अपुरा पडतो आणि त्याची ताकद बरीच घटते. विजेच्या मोटारीला श्वासच घ्यायचा नसतो. यावर दोन हरकती घेतल्या जातात आणि दोन्ही मान्य करायला हव्यात. पहिली म्हणजे, हाच डन आदल्या वर्षी पेट्रोलच्या डुकाटीवर हाच डोंगर आठ सेकंदांनी लवकर चढला होता, तेव्हा विजेची गाडी त्या वर्षीची पहिली असली तरी विक्रमी नव्हती. दुसरी हरकत आपल्या जवळची. माळशेज म्हणजे पाईक्स पीक नव्हे, तो जेमतेम सातशे मीटर उंच, तिथे हवा विरळ होण्याचा फायदा नगण्य. खरे आहे. पण चढावर विजेच्या मोटारीचा फायदा फक्त हवेचा नाही. ती पहिल्या फिरकीपासून पूर्ण जोर देते. मागे बायको, पुढे पोर आणि हँडलला पिशवी अशी भरलेली शंभर सीसीची गाडी वळणावर मंदावली, की स्वार गिअर टाकतो, अर्धा क्लच दाबून इंजिन रेटतो, आणि ट्रक मागून हॉर्न देत असतो. विजेच्या गाडीत क्लच नाही, गिअर नाही, वळणातून निघताना जोर हाताशी असतो. विक्रेते मोटारीचा ३८ आणि इंजिनाचा ८ न्यूटन-मीटर असे आकडे शेजारी मांडतात. तेवढ्यावर विसंबू नये, कारण पेट्रोलच्या गाडीत गिअर हा जोर कितीतरी पट वाढवतो. फरक आहे तो जोर केव्हा आणि किती सहज मिळतो याचा.

घाटाचा हिशेब मांडून बघता येतो आणि तो मांडला की बऱ्याच समजुती बदलतात. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून २६० किलो धरले आणि पायथ्यापासून पाचशे मीटर उभा चढ धरला, तर एवढे ओझे वर नेण्याला एका युनिटाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त ऊर्जा लागते. मोटारीत आणि तारांत वाया जाणारी धरली तरी अर्ध्या युनिटाच्या आत. दहा रुपये युनिट धरले तर पाच रुपयांच्या आतला चढ, त्याच चढाला पेट्रोल पंधरा-सोळा रुपयांचे जाते. म्हणजे ‘घाटात बॅटरी बसते’ ही भीती आकड्यांत टिकत नाही. बॅटरी बसते ती पल्ल्याने. मुरबाडहून माळशेजच्या माथ्यापर्यंत पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. दोन माणसे बसवून किलोमीटरला पस्तीस वॉट-तास धरले तर सपाटीचेच दीड-पावणेदोन युनिट होतात, घाटाचे अर्धे त्यावर. तीन युनिटांची बॅटरी असलेल्या स्कूटरने माथा गाठाल, पण परत मुरबाडला येताना मध्येच थांबाल. उतारावर थोडी वीज परत मिळते, पण तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. आयल ऑफ मॅनवर एक फेरी जमली आणि सहा जमल्या नाहीत, त्याचे हेच गावठी रूप. आणि एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. वर ओतूरला बॅटरी पूर्ण भरून घाट उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीला परतीची वीज घ्यायला जागाच नसते, त्यामुळे मोटारीचा रोध कमी मिळतो किंवा मिळतच नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. पावसात, धुक्यात, माळशेजच्या वळणांवर हे आधी माहीत असलेले बरे. बॅटरी थोडी रिकामी ठेवून उतरावे.

उरला प्रश्न तापण्याचा, आणि शर्यतींनी सर्वांत मोलाचे शिक्षण दिले ते इथे. मार्च २०१९ मध्ये स्पेनमधल्या हेरेझच्या मैदानावर मोटो-ईच्या पहिल्या हंगामाची तयारी सुरू असताना तंबूला आग लागली आणि सगळ्याच्या सगळ्या अठरा गाड्या जळाल्या. हंगाम पुढे ढकलावा लागला, गाड्या नव्याने बांधाव्या लागल्या, जुलैत जर्मनीत पहिली शर्यत झाली. विजेची गाडी धोक्याची म्हणणाऱ्यांना हा पुरावा पुरेसा वाटला. पण पुढे काय झाले तेही बघायला हवे. मोटो-ईच्या सुरुवातीच्या हंगामांतल्या एनर्जिका गाडीचे वजन २६० किलोंच्या आसपास होते. २०२३ पासून आलेली डुकाटी ३५ किलोंनी हलकी, पाण्याने थंड होणारी, आणि शर्यत संपल्यावर बॅटरी निवण्याची वाट न बघता लगेच चार्जिंगला लावता येणारी. पाऊण तासात ती ऐंशी टक्के भरते. बॅटरीतल्या उष्णतेला बाहेर जाण्याची वाट करून देणे, प्रत्येक घटाचे तापमान मोजणे आणि मर्यादा ओलांडण्याआधी मोटारीचा जोर आपोआप कमी करणे ही शर्यतीतली कामे आहेत, आणि नेमकी हीच कामे एप्रिलमध्ये शहापूरच्या पत्र्याच्या पडवीत उभ्या गाडीला लागतात. आपल्याकडेही २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या स्कूटरने पेट घेतला, पाठोपाठ आणखी घटना झाल्या, आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करून डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्याआधीची जुनी बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने हे साल लक्षात ठेवावे.

मोटो-ई २०२५ च्या हंगामानंतर थांबवण्यात आली. एनर्जिका कंपनी त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. आयल ऑफ मॅनची विजेची शर्यत २०१९ नंतर झालीच नाही. ‘एवढी चांगली असती तर बंद का पडली?’ हा प्रश्न रास्त आहे. बंद पडली ती बघणारे पुरेसे जमले नाहीत म्हणून, आणि विजेच्या वेगवान, महागड्या मोटारसायकलींना जगात गिऱ्हाईक अपेक्षेइतके मिळाले नाही म्हणून. ज्याला दोनशे किलोमीटर दौड करायची हौस आहे त्याला वाटेत चार्जिंगसाठी थांबणे परवडत नाही, आणि मैदानावरच्या प्रेक्षकाला इंजिनाचा आवाज हवा असतो. यातले एकही कारण टोकावड्याहून मुरबाडला कामाला जाणाऱ्या माणसाचे नाही. त्याचा रोजचा पल्ला ठरलेला, वेग चाळीस-पन्नासचा, रात्रभर गाडी घरी उभी. शर्यतीच्या धंद्याला जे जमले नाही ते नेमके त्याच्या गरजेबाहेरचे होते. आणि भारतात हा खेळ थांबलेला नाही. टीव्हीएसने अपाचे आरटीई या गाड्यांची विजेची शर्यत मद्रासच्या मैदानावर सुरू केली, तर २०२४ मध्ये लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एफ-९९ गाडीने पाव मैल सुमारे १०.७ सेकंदांत कापला. तरी या पाव मैलावर माझा फार भर नाही. सरळ धावपट्टीवरची दहा सेकंदे बॅटरीला तापवतसुद्धा नाहीत, तिथे गाडीची खरी कसोटी लागत नाही.

विरोधात सर्वांत वजनदार मुद्दे शर्यतीचे नाहीत, गावचे आहेत. पावसाळ्यात वाऱ्याने तार तुटली की डोळखांबला किंवा धसईला लाईट तासन्‌तास जाते. भाताची लावणी चालू असताना गाडी अडून पडली तर कुणाला बोल लावणार? गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री नाक्यावर नाही, त्यासाठी कल्याण गाठावे लागते. आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढली तर घेणारा विचारतो, बॅटरी किती शिल्लक आहे? पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर एवढेच, की ज्या घरात एकच वाहन आहे आणि लाईट बेभरवशाची आहे त्याने आज ही गाडी घेऊ नये, ज्या घरात दोन दुचाकी आहेत त्याने एक जरूर घ्यावी. दुसरा मुद्दा काळाने आणि शिक्षणाने सुटेल, आयटीआयत विजेच्या दुचाकीचे काम शिकवले तर लवकर सुटेल. तिसरा मात्र आजच सुटू शकतो. शर्यतीच्या गाडीत प्रत्येक घटाचा इतिहास नोंदलेला असतो, किती वेळा भरला, किती तापला, किती क्षमता उरली. घरगुती गाडीच्या बॅटरीतल्या नियंत्रकातही हे मोजमाप असते, पण मालकाला ते सहसा सरळ दिसत नाही. ते गाडीच्या पाटीवर, साध्या मराठीत, कुणालाही वाचता येईल असे दिसले पाहिजे. म्हशाच्या बाजारात बैलाचे दात झाकून कोणी सौदा करत नाही.

दुसरी मागणी गाडीच्या जाहिरातीबद्दल आहे. एका चार्जवर इतके किलोमीटर हा जो आकडा छापतात, तो प्रयोगशाळेत रुळांवर, एका माणसाचे वजन धरून, संथ वेगाने आणि चढाशिवाय काढलेला असतो. घाटाच्या पायथ्याच्या माणसाला त्याचा उपयोग फार थोडा. म्हणून हौशी पोरांनी शनिवार-रविवारी माळशेजवर गाड्या पिटाळाव्यात असे मात्र मुळीच नाही. कार्लिन डनसारखा पाईक्स पीक कोळून प्यालेला स्वार २०१९ मध्ये त्याच डोंगरावर, शेवटच्या रेषेजवळ अपघातात गेला, आणि त्यानंतर तिथली मोटारसायकलींची शर्यतच कायमची थांबवण्यात आली. चढाची परीक्षा वेगाची असायची गरज नाही. पुण्यात वाहनांची तपासणी करणारी एआरएआयसारखी संस्था आहे, घाट तिच्यापासून काही तासांवर आहेत. मे महिन्यातली दुपार निवडावी. गाडीवर दोन माणसे आणि तांदळाचे एक पोते ठेवावे, मुरबाडच्या नाक्यावरून पूर्ण भरलेल्या बॅटरीने निघावे, ताशी चाळीसने माळशेजच्या माथ्यावर जावे आणि तिथे उतरून तीन आकडे लिहावेत. बॅटरीत उरले किती, ती तापली किती, आणि शेवटच्या वळणाला जोर सुरुवातीइतकाच होता की घटला. मग त्याच गाडीला दोन वर्षे वापरल्यावर पुन्हा तोच घाट चढवावा आणि चौथा आकडा लिहावा. दुकानात गाडीच्या किमतीच्या पाटीशेजारी हे चार आकडे लावावेत.